चौऱ्याऐंशीपर्यंतचं गाऱ्हाणं

श्रीनाथ गावसच्या नव्या ऑफिसात सगळं आलं होतं. काचेचा दरवाजा आला, एसी आला, फिरती खुर्ची आली, आणि बाहेर पाटी लागली: 'श्रीनाथ गावस, आर्थिक सल्लागार'. पेडण्याच्या बाजारातून जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरलाही मान न वळवता वाचता येईल एवढी मोठी. आता फक्त देवाच्या कानावर घालायचं राहिलं होतं.

पेडण्यात देवाला सांगितल्याशिवाय कोणी कोंबड्यांचं खुराडंसुद्धा उघडत नाही. एखादा जाणता माणूस पुढ्यात नारळ ठेवतो आणि देवाशी मोठ्याने बोलतो, त्याला गाऱ्हाणं म्हणतात. त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेले लोक 'व्हय महाराजा' म्हणतात. लिहून आणलेलं काही नसतं, तोंडाला येईल ते बोलायचं. आणि एकदा बोललेलं परत घेता येत नाही, कारण ऐकणारा आपल्या ओळखीतला असला तरी आपल्या बरोबरीचा नसतो.

श्रीनाथच्या गावात, तुयेला, गाऱ्हाणं घालावं तर बाबली परबांनी. वय चौऱ्याहत्तर, आवाज असा की देवळात बोलले तर शेजारच्या वाड्यावरची कुत्री उठून बसतात. सगळे त्यांना आबा म्हणायचे.

"आबा, मुंबैच्यान मॅडम येतले," श्रीनाथने आदल्या दिवशी त्यांना बजावलं. "थोडक्यात आटपू नकात. सगळा खुलाशान सांगा. काय एक राखून ठेवू नकात."

"मी खय कधी राखून ठेवतंय?" आबा म्हणाले.

हे खरं होतं, आणि श्रीनाथने तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. पण तो त्या वेळी पेढे किती किलो सांगावेत या विचारात होता.

एकेकाळी श्रीनाथ तुयेच्या एका कारखान्यात पॅकिंगला होता. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी तो बाजूच्याला विमा समजावून द्यायचा, आणि बाजूचा निदान जेवता यावं म्हणून सही करायचा. तिथून सुरुवात झाली. पण पहिली काही वर्षं तो खरोखर चांगला सल्लागार होता, हे त्याच्या शत्रूलाही मान्य करावं लागेल. सहा महिन्यांत पैसे दुप्पट करून देणारा एक गृहस्थ गावात आला, तेव्हा त्याच्यासमोर बसून 'कसे' असं विचारणारा श्रीनाथ एकटाच. तो गृहस्थ चहा अर्धा टाकून निघून गेला. तारामावशीचा नवरा पणजीला दवाखान्यात होता, तेव्हा विमा कंपनीशी फोनवर भांडत श्रीनाथ तिथल्या जिन्यात चार दिवस बसला. बिल भरून घेतलं आणि मगच उठला. तेव्हापासून गावात कोणाला चार पैसे मिळाले की माणसं म्हणायची, श्रीनाथाक विचार.

मग नव्या रस्त्यात लोकांच्या जमिनी गेल्या आणि पैसे आले. पैसे आले की आधी भाऊबंद येतात, मग गाड्या विकणारे येतात. श्रीनाथ भाऊबंदांच्याही आधी पोचला.

त्याच वर्षी कंपनीने एक नवी पेन्शन काढली. आज पैसे भरा, पेन्शन दहा वर्षांनी सुरू. माणूस मधेच गेला तर पैसे पोरांना. योजना वाईट नव्हती. चाळिशीतल्या माणसाला छान होती. पण चाळिशीतल्या माणसाकडे पैसे नव्हते. पैसे होते ते जमिनी ज्यांच्या नावावर होत्या त्यांच्याकडे, आणि ते सगळे काठी टेकत आले होते. कंपनीने सांगितलं, जो जास्त विकेल त्याला बँकॉक. श्रीनाथ तोवर कधी विमानात बसला नव्हता. विमानं त्याच्या घरावरून जायची, एवढंच.

आबांच्या ओसरीवर तो कागद घेऊन गेला तेव्हा आबांनी बोटांवर हिशोब केला होता. "म्हणजे माका चौऱ्याऐंशीव्या वर्साक?"

"आबा, तुमची तब्येत बघितली तर तुम्ही शंभरी मारतले."

"तसा आसा मरे," आबा खूश होऊन म्हणाले आणि सही केली.

श्रीनाथ घरी येताना मनाला समजावत आला. पोरांच्या हातात गेले असते तर बुलेट आल्या असत्या. इथे निदान सुखरूप आहेत. हे त्याने स्वतःला इतक्या वेळा समजावलं की पुढच्या घरात ते सांगताना त्याला पाठच झालं होतं. गावातली अर्धी म्हातारी माणसं अशी पेन्शनीत गेली आणि श्रीनाथ बँकॉकला गेला. पोपटांचा शर्ट घालून हत्तीबरोबर काढलेला फोटो त्याने पाठवला. आई गंगाने तो फ्रेम करून देवघराच्या बाजूला लावला.

तर उद्घाटनाचा दिवस. सकाळी दहाला मुंबईहून समीक्षा मॅडम आल्या. विभागाच्या मोठ्या मॅनेजर. सोबत काचेची ट्रॉफी होती, तिच्यावर 'विश्वासरत्न' असं कोरलेलं. त्या ठाण्याच्या, मराठी स्वच्छ, पण पेडण्याची बोली त्यांनी कधी ऐकली नव्हती. ऑफिसातली पोरगी अंकिता मोबाईल धरून सगळं फेसबुकवर लाईव्ह दाखवत होती. हे श्रीनाथनेच सांगितलं होतं. कॉलेजात त्याच्या मागच्या बाकावर बसणारे आता दुबईत होते, त्यांनी बघावं म्हणून.

ऑफिस लहान आणि गाव मोठं, म्हणून माणसं दारातून रस्त्यापर्यंत पसरली. आबांनी उंबऱ्यावर नारळ ठेवला, शेंडी देवाच्या दिशेने केली, टोपी नीट केली आणि हात जोडले.

"बा देवा रवळनाथा, गावच्या राखणदारा महाराजा. आज तुझ्या लेकरान हय पेडण्यात दुकान घातलानी."

"व्हय महाराजा," माणसं म्हणाली.

"ऑफिस," श्रीनाथ हळूच म्हणाला.

"ऑफिस घातलानी. त्येच्या मेजार, त्येच्या फिरत्या कदेलार, त्या थंड वाऱ्याच्या पेटयेर तुझी नजर ऱ्हवांदी महाराजा."

"व्हय महाराजा."

"दारान इलेली लक्ष्मी जनेलातसून भायर जावची नाय, असा कर महाराजा."

"व्हय महाराजा."

समीक्षा मॅडम भारावल्या. "किती ऑथेंटिक आहे हे," त्या श्रीनाथच्या कानात म्हणाल्या. श्रीनाथने नम्रपणे मान खाली घातली. इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. आबांनी श्वास घेतला. श्रीनाथला वाटलं आता नारळ फुटणार.

"आता माजा एक आसा, देवा महाराजा," आबा म्हणाले. "माजा माडांचा भाट रस्त्यात गेला. त्येचे पैशे ह्या लेकराच्या सांगण्यावरसून मी पेन्शनीत घातलंय. पेन्शन सुरू जातली चौऱ्याऐंशीव्या वर्साक. आता माका चौऱ्याहत्तर. तर मदली दहा वर्सां माका खालीच ठेव. वर नेव नको."

"व्हय महाराजा."

"नुसतो जितो ठेव नको. बँक माडयेर आसा. जिनो चढाक गुडघे ठेव. पेन्शन घेवन इल्यावर चार दिस गोडधोड खावक दात ठेव."

"व्हय महाराजा."

मॅडमनी मान वाकडी केली. "काय म्हणतायत ते?"

"आशीर्वाद देतायत, मॅडम."

"चौऱ्याऐंशी असं काहीतरी ऐकलं मी."

"चौऱ्याऐंशी लक्ष योनी," श्रीनाथ म्हणाला. "धार्मिक आहे."

मॅडमनी आदराने डोळे मिटले. श्रीनाथला वाटलं, निभावलं. तेवढ्यात गर्दीतून तारामावशी पुढे आल्या.

"बाबलीभावजी, देवाक सांगतासच तर माजाय घाला. माजी ब्यांशीक सुटतली."

"घालतंय," आबा म्हणाले. "देवा महाराजा, ही तारा. हिका ब्यांशी कर."

"व्हय महाराजा."

"आणि डोळे सांगा. सही करुची पडतली."

"डोळ्यांसकट ब्यांशी कर महाराजा."

मग रांगच लागली. खाणीवर ट्रक चालवून रिटायर झालेला विठ्ठल आला, त्याला शहाऐंशी हवी होती. "माका बायपास झाली आसा, ताय सांग," तो म्हणाला. "मागीर देव म्हणतलो, आदी कित्या सांगूक नाय." आबांनी तेही सांगितलं. एकाने स्वतःची एक्क्याऐंशी सांगितली आणि घरी अंथरुणावर असलेल्या बायकोची एकोणऐंशी. कोणाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. श्रीनाथ एकेका तोंडाकडे बघत होता, कुठेतरी टोमणा असेल, कोणीतरी गालात हसत असेल, म्हणजे त्याला निदान चिडता आलं असतं. पण ती माणसं खरंच मागत होती. श्रीनाथने सांगितलं होतं की पैसे तेव्हा मिळतील, म्हणजे तेव्हा मिळतील. आता तोवर पोचायची सोय बघायला हवी, आणि ती सोय श्रीनाथच्या हातात नव्हती म्हणून ती देवाकडे आली होती.

एसी अठरावर होता. श्रीनाथच्या कानाच्या पाळ्या पेटल्या होत्या.

मॅडमनी डोळे उघडले. आकडे काही बोलीत नव्हते. "श्रीनाथ," त्या हळू म्हणाल्या, "ही सगळी वयं आहेत का?"

श्रीनाथ एसीचा रिमोट शोधायला लागला. मॅडमनी अंकिताला बोट फिरवून खूण केली, बंद कर. अंकिताने घाबरून काहीतरी दाबलं आणि कॅमेरा उलटा फिरला. आता दुबईला अंकिताचा लांब झालेला चेहरा दिसत होता आणि मागून आबांचा आवाज जात होता.

शेवटी आबांची नजर पेढ्यांच्या ताटाजवळ उभ्या असलेल्या गंगाकडे गेली. श्रीनाथची आई. नवी साडी, केसात अबोली. मुलाच्या ऑफिसात कोणाला पेढा कमी पडू नये म्हणून ती सकाळपासून ताटाजवळून हलली नव्हती.

"गंगा, तुजी कितव्याक?"

"माजा नको घालू," गंगा म्हणाली.

"कित्या गो? भरलंस मगे तू? श्रीनाथानच सांगलेला माका, आवयचेय भरले म्हणान."

"भरलंय. पण पेन्शनीसाठी नाय." ती ओशाळून हसली. "ह्येका बँकॉकाक जावक थोडा कमी पडत व्हता. रातदिस घोर लावन बसलेलो. जेवक नाय धड. म्हटला माज्याकडे आसत, घाल माजे. झील जावन इलो, फोटो काडून इलो. माका पावला. देवाक आनी कित्या त्रास?"

'व्हय महाराजा' म्हणायचं की नाही हे कोणालाच कळेना. मागून सवयीने एकजण म्हणाला, आणि गप्प झाला.

श्रीनाथला आठवलं, तो कागद त्याने आईपुढे ठेवला तेव्हा तोच सगळा पाठ तिलाही म्हणून दाखवला होता. म्हातारपणाचा आधार. महिन्याला ठरलेली रक्कम. कोणाच्या तोंडाकडे बघायला नको. आई सगळं ऐकून घेत होती, मधे मधे मान हलवत होती, आणि शेवटी म्हणाली होती, बरा सांगतंस रे तू. त्याला वाटलं होतं तिला पटलं. ती मुलाचं पाठांतर ऐकत होती, शाळेतली कविता ऐकायची तशी.

आबांनी नारळ उचलला.

"आबा, फोडू नकात," श्रीनाथ म्हणाला.

"गाऱ्हाण्यात मदी उलवचा नसता, पुता."

"माजी चूक झाली."

"ता सांगतंयच मगे शेवटाक. चुकीमाकी पोटात घाल म्हणान."

"तशी नाय. खरीच झाली."

आबांनी नारळ खाली ठेवला. त्यांना राग आला नव्हता, पण कामात अडचण आल्यासारखे ते दिसत होते. "मग खयची ती नीट सांग. देवाकडे आख्ख्या पेडण्याच्या चुकी जमा आसत. घोटाळो नको."

समीक्षा मॅडम म्हणाल्या, "श्रीनाथ, आपण आत बसून बोलूया." पण आत बसायला जागा नव्हती, आत सगळी म्हातारी माणसं एसीची हवा खात बसली होती.

"ही पेन्शन तुमच्या वयाच्या माणसांसाठी नव्हती," श्रीनाथ म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

देवाला ऐकू जाणार नाही अशा भीतीने आबांनी ते आपल्या आवाजात पुढे पाठवलं. "देवा महाराजा, लेकरू म्हणता, पेन्शन म्हाताऱ्यांची नव्हती, म्हाताऱ्यांक घातलानी."

"व्हय महाराजा." सवयीचा जोर होता. बाजारातून दोन पाववाले सायकली थांबवून बघायला लागले.

"माका ठावक व्हता."

"त्येका ठावक व्हता महाराजा."

"व्हय महाराजा."

"बँकॉकासाठी केलंय."

आबांनी टोपी नीट केली. मग तेवढ्याच मोठ्याने म्हणाले, "बँकॉक बघूक केलानी महाराजा. लेकरू आसा. पोटात घाल."

"व्हय महाराजा," असं सगळं पेडणे म्हणालं, आणि त्यात गंगाचा आवाज श्रीनाथला वेगळा ऐकू आला. नारळ फुटला. पाणी मॅडमच्या चपलांवर उडालं.

मॅडम पेढा न खाता निघाल्या. ट्रॉफी मात्र देऊन गेल्या, कारण नाव कोरून झालं होतं आणि दुसऱ्या कोणाला चालली नसती. पंधरा दिवसांनी कंपनीचं एक सभ्य पत्र आलं, त्यात श्रीनाथला यापुढे कुठल्याच सहलीला न्यायचं नाही असं फार सुंदर शब्दांत लिहिलं होतं.

श्रीनाथने पाटी काढून ठेवायचा विचार केला. दोन दिवस तो दरवाजा आतून लावून बसला. काचेचा दरवाजा, त्यामुळे येणारे जाणारे त्याला बसलेला बघत होते आणि हात करत होते. तिसऱ्या दिवशी तो पैसे परत घेण्याचे कागद घेऊन घराघरात गेला. मुदतीआधी काढले तर कंपनी काही कापते. ते कापलेलं मी माझ्या खिशातून भरतो, असं तो प्रत्येक ओसरीवर मान खाली घालून सांगत होता. त्यासाठी गाडी विकली. तारामावशींनी सही केली आणि त्याला सोलकढी पाजली. विठ्ठलने केली. आईने कागद बघितलाही नाही. "जेव आदी," म्हणाली.

आबांनी मात्र हातच मागे घेतला.

"मी काडूचंय नाय."

"आबा, तुमचे पैशे आसत. आता वापरा. दात बसवन घ्या, जत्रेक जावा, काय ता करा."

"आणि देवाक काय सांगू?"

"देवाक कित्याक सांगूचा?"

आबांनी त्याच्याकडे बघितलं, शहाण्या माणसाने मूर्खपणा केला की बघावं तसं. "अरे, मी त्येच्याकडे दहा वर्सां मागून घेतलंय. कित्याक मागलंय? पेन्शनीसाठी. गावासमोर मागलंय. आता पैशे काडून घेतलंय तर तो काय म्हणतलो? म्हणतलो, बाबल्याचा काम झाला, आता ह्येका खाली कित्याक ठेवूचो? आणि नेतलो उचलून."

"तसा काय नसता, आबा."

"तुका खय ठावक? पेन्शनीचाय तू असाच सांगलेलंस."

श्रीनाथ कागद घेऊन उठला. तो आठवड्याने पुन्हा गेला, मग पुन्हा. आबा दरवेळी चहा द्यायचे आणि कागद परत करायचे. वर म्हणायचे, "माजी पेन्शन बरी आसा मगे?" जनावराची चौकशी करावी तसं. श्रीनाथ म्हणायचा, बरी आसा.

मग त्याला एका रात्री सरळ गोष्ट सुचली. आबा पैसे घेणार नाहीत, तर आबांना चौऱ्याऐंशीपर्यंत न्यायला हवं. दुसरा मार्ग नव्हता. आबांच्या सुनेकडून त्याने सगळं विचारून घेतलं, रक्तदाब, गुडघे, रात्रीचा खोकला. जुनी स्कूटर दुरुस्त केली आणि महिन्यातून एकदा त्यांना मागे बसवून डिचोलीच्या डॉक्टरकडे न्यायला लागला. वाटेत आबांना भजी दिसली की स्कूटर जोरात काढायचा. त्यांच्या घरी गेला की मिठातली सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, ताटातून बाजूला करायचा. आबा म्हणायचे, माजो बापूस असो जाच करी नव्हतो.

डिचोलीच्या त्या दवाखान्यात एकदा लाटंबार्सेचे एक गृहस्थ बाजूला बसले होते. सोबत कोणी नव्हतं. श्रीनाथ आबांची चप्पल पायात सरकवून देत होता, कुठली गोळी कधी हे मागच्या महिन्याच्या चिठ्ठीवरून समजावत होता. गृहस्थ बराच वेळ बघत राहिले.

"तुमचो झील?" त्यांनी आबांना विचारलं.

"नाय. माजे पैशे हो बघता. सल्लागार माजो."

"पैशे बघपी मनीस दवाखान्यात हाडटा?"

"आमचो हाडटा, स्कूटरार बसवन," आबा छाती काढून म्हणाले. "माका चौऱ्याऐंशी झाल्याबगर सोडूचो नाय म्हणता."

गृहस्थांनी श्रीनाथकडे असं बघितलं की त्याने मान फिरवली. ते सरकत जवळ आले. काजूची बाग विकली होती, म्हणाले. पोरगे बाहेर. पैसे बँकेत नुसते पडून आहेत आणि रोज कोणीतरी दारात येतो, कोणावर विश्वास ठेवावा कळत नाही. "तुमचे कार्ड आसा?"

गेल्या वर्षभरात असे बरेच जण आले होते. गाऱ्हाण्याचा तो व्हिडिओ फिरला होता, आणि लोकांनी त्यातून काय घ्यावं हे श्रीनाथच्या हातात राहिलं नव्हतं. पेडण्यात म्हणायचे, चूक देवासमोर कबूल करणारा एकच सल्लागार, पैसे त्याच्याकडेच ठेवावेत. धंदा आधीपेक्षा वाढला होता. कोणी नवीन गिऱ्हाईक असं हसऱ्या चेहऱ्याने समोर येऊन बसलं की श्रीनाथच्या कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या, आणि त्या दिवशी त्याला जेवण जायचं नाही.

"कार्ड नाय," तो म्हणाला. खिशात पाच होती.

"आसा, आसा," आबांनी त्याच्या खिशात हात घालून एक काढलं आणि गृहस्थांच्या हातात ठेवलं. "लाजता तो."

गृहस्थांनी कार्ड डोळ्यांजवळ धरून नाव वाचलं. श्रीनाथने जमिनीकडे बघत विचारलं, "तुमका वर्सां किती?"

"अडुसष्ट."

"मग आदी तुमका काय काय नको ता सांगतंय," श्रीनाथ म्हणाला, आणि आबांचा नंबर आला म्हणून उठला.